डेल्मर वोंद्राची कोरी पाटी

ब्रेझनोतून जिल्ह्याच्या गावाला जाणारा रस्ता सरळसोट आहे. दोन्ही अंगांना मका, मध्ये एक रेल्वे फाटक आणि त्यापुढे सोसायटीची धान्याची उंच कोठारं. त्या कोठारांमागे डेप्युटी गॅरी पोलिसाची गाडी लावून बसतो, हे नेब्रास्काच्या त्या कोपऱ्यात पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. कधी बसेल ते मात्र कुणालाच माहीत नसतं. म्हणून गॅरी दिसला की समोरून येणाऱ्याला डिपर मारायचा, हा तिथला शेजारधर्म. मामा बसलेत, सांभाळ. मग येणारा ताशी ऐंशी मैलांवरून पंचावन्नवर येतो आणि गॅरीसमोरून गाईसारखा जातो. बांधावरून भांडलेले सख्खे भाऊ, जे एकमेकांच्या मयतीला जाणार नाहीत, तेसुद्धा डिपर मारतात. कारण पावती फाटली की नुसत्या दंडावर भागत नाही. ती विमा कंपनीला कळते, आणि मग गाडीच्या विम्याचा वाढीव हप्ता तीन वर्षं मानगुटीवरून उतरत नाही.

हे विम्याचं दुकान गावात एकाच माणसाचं, डेल्मर वोंद्राचं. लांबलचक पांढरी गाडी, डोक्यावर करडी हॅट, आणि पाय कायम ॲक्सिलरेटरवर. पण तीस वर्षांत त्याची एकही पावती फाटली नव्हती. कंपनीने दिलेली ‘निष्कलंक चालक’ अशी पितळी ढाल त्याच्या ऑफिसात खुर्चीच्या बरोबर मागे, येणाऱ्याच्या डोळ्यात खुपेल अशी लावलेली होती. कुणी विचारलं की डेल्मर म्हणायचा, "शिस्त! दुसरं काय?"

त्याची एक खोड होती. त्याला कुणी डिपर मारला की तो गाडी चांगली हळू करायचा, हॅट उचलायचा आणि नाटकातल्या राजासारखी मान लववायचा. शिवाय स्वतः तो दिसेल त्याला डिपर मारत सुटायचा. पुढे ना मामा, ना कुणी. लोक घाबरून ब्रेक दाबायचे आणि रिकामी कोठारं पाहून शिव्या घालायचे. पेट्रोल पंपावरचा नॉर्बर्ट म्हणायचा, "डेल्मरच्या डिपरवर जो थांबला, तो घरी जेवायला पोचला नाही."

लिबी श्रामेकही त्या थट्टेत हसायची. डेल्मर तिचा शाळेपासूनचा सोबती. लग्नात तिच्या नवऱ्याच्या, एर्नीच्या, बाजूला तोच उभा होता. आणि लिबीला गावात कोण ओळखत नव्हतं? वीस वर्षं ती शेताशेतांवर टपाल टाकत होती. गाडी स्वतःची. तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं, तरी उजवीकडच्या सीटवर बसून, डाव्या हाताने ते आणि डाव्या पायाने पेडल सांभाळत, ती खिडकीतून रस्त्याकडेच्या टपालपेट्या भरायची. कोणाचा कुत्रा चावरा, कोणाची म्हातारी दारात वाट पाहत बसते, हे सगळं तिला पाठ. त्या फेरीवर तिचा जीव होता.

मग एका मार्चमध्ये एर्नी गोठ्यात कोसळला. रुग्णवाहिका यायला तासभर लागेल म्हणाले. लिबीने त्याला गाडीत घातलं आणि सुसाट सोडली. जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे एका परक्या पोलिसाने अडवलं. त्याने पावती फाडली आणि वर "सांभाळून चालवा बाई" असा उपदेश केला. इस्पितळात एर्नी संध्याकाळपर्यंत होता. परत येताना लिबीला डोळ्यांतल्या पाण्यापुढे ‘थांबा’ची पाटी दिसली नाही, आणि तिथे दुसरी पावती. एका दिवसात नवरा गेला आणि दोन पावत्या आल्या.

एर्नीच्या शवपेटीला डेल्मरने खांदा दिला. नंतर चर्चच्या हॉलमध्ये खसखस भरलेले चार कोलाची पाव खाल्ले आणि लिबीचा हात हातात घेऊन म्हणाला, "काही लागलं तर मी आहे हं."

उन्हाळ्यात विम्याचं नूतनीकरण आलं तेव्हा तो ढालीखालच्या खुर्चीत बसून म्हणाला, "कंपनीने तुला काढलं गं. दोन पावत्या म्हणजे जोखीम. माझ्या हातात असतं तर—"

"तुला ठाऊक आहे ना त्या दिवशी काय झालं ते?"

"मला ठाऊक आहे गं. पण कागदाला काय ठाऊक?"

शहरातल्या दुसऱ्या कंपन्यांनी सांगितलेला हप्ता लिबीने कागदावर मांडून पाहिला. टपालाचा पगार त्यातच गेला असता. तिने फेरी सोडली आणि वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायला लागली. डेल्मरवर तेव्हा तिचा राग नव्हता. नियम म्हणजे नियम, असं ती स्वतःला समजावत होती. साधी बाई.

राग आला तो शरद ऋतूतल्या चर्चच्या जेवणात. लिबी स्वयंपाकघराच्या खिडकीमागे उभी राहून ताटांत आंबट कोबी वाढत होती. खिडकीच्या आत कोण आहे ते न बघताच डेल्मर शेजारच्याला सांगत होता, की कंपनीने त्याला बायकोसकट हवाईची सहल दिली. ज्याच्याकडे गिऱ्हाइकं सगळ्यांत स्वच्छ, त्याला बक्षीस.

"वाईट फांद्या वेळेवर छाटाव्या लागतात," तो म्हणाला. "आता त्या व्होलेस्कीच्या पोराच्याही दोन पावत्या. पण मी कंपनीला शब्द टाकला, ठेवून घेतलं. बापाच्या सगळ्या गाईगुरांचा विमा आपल्याकडे ना! लिबीचं काय, एक जुनी गाडी."

लिबीच्या हातातला डाव कोबीत तसाच राहिला. म्हणजे शब्द टाकता येत होता. टाकला नव्हता. एर्नीच्या मरणाची फांदी छाटून हा समुद्रात डुंबायला चालला होता. त्या दिवशी लिबी श्रामेकने डूख धरला, आणि ज्याने कोबी मागितला त्याला हसून कोबी वाढला.

दुसऱ्याच आठवड्यात ती वृद्धाश्रमाची गाडी घेऊन कामावरून परतत होती. कोठारांमागे गॅरी. फाटकापलीकडून पांढरी गाडी भरधाव येत होती. वीस वर्षांच्या सवयीने तिचा हात डिपरच्या दांडीवर गेला. आणि तिथेच तिला लख्ख कळलं. शिस्त कसली, कपाळाची! त्या माणसाची पाटी कोरी होती, कारण सगळ्या गावाने ती रोज पुसली होती. तिने, एर्नीने, नॉर्बर्टने, त्या भांडकुदळ भावांनी. आणि हा नाकाने कांदे सोलत दुसऱ्यांच्या पाट्या तपासत बसला होता.

लिबीने हात दांडीवरून काढून मांडीवर ठेवला. पांढरी गाडी सूं करून गेली. आरशात गॅरीचे लाल-निळे दिवे लागलेले तिने पाहिले आणि एर्नी गेल्यापासून पहिल्यांदा तिला कडकडून भूक लागली.

पंपावर थांबून तिने नॉर्बर्टला सगळं सांगितलं. कोबी वाढताना ऐकलेलंही सांगितलं आणि हात मांडीवर ठेवल्याचंही.

नॉर्बर्टने पंपाची नळी पुसून जागेवर अडकवली. "माझा हात गेल्या वर्षापासून जरा दुखतोच," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाला, डिपर मारणं कमी करा."

"सगळ्यांना?"

"छे! पांढऱ्या गाड्यांना फक्त."

पंपावर सगळं गाव पेट्रोल भरतं. कुणी सभा घेतली नाही, कुणी शपथ घेतली नाही. गाव करी ते राव न करी. पुढच्या वसंतात डेल्मरची दुसरी पावती फाटली. त्याने गॅरीला ढालीची गोष्ट सांगितली. गॅरी म्हणाला, "छान आहे साहेब ढाल. पण तुम्ही एक्क्याऐंशीवर होतात." तिसरी फाटली तेव्हा हप्ता इतका चढला, की डेल्मर पंपावर येऊन कंपनीच्या नावाने बोटं मोडू लागला. "तीस वर्षं इमानाने भरलं रे! माणूस बघायचा की कागद?" नॉर्बर्टने सुट्टे पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "कागदाला काय ठाऊक?"

हे वाक्य त्या दिवशीच लिबीपर्यंत पोचलं. तिने बटाटे सोलता सोलता ते तीनदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

डेल्मरने हळू चालवायचं, एवढा साधा उपाय होता. पण सवय ती सवय, आणि त्याच्या मते दोष त्याचा नव्हताच. त्यानंतर दोन वर्षांनी उन्हाळ्यात पाठोपाठ आणखी दोन पावत्या फाटल्या आणि परवाना सहा महिन्यांसाठी गेला. त्याच्याच कंपनीने त्याला विमा नाकारला. पितळी ढाल परत मागितली नाही, त्याने स्वतःच काढून ठेवली, असं झाडलोट करणारी बाई सांगत होती. भिंतीवर तेवढीच जागा उजळ राहिली म्हणे.

ऑगस्टमध्ये गारा पडल्या. विमा उतरवलेल्या पिकांचं नुकसान पाहायला डेल्मरला शेतोशेती हिंडणं आलं. त्याच्या बायकोला मोतीबिंदू, तिला गाडी चालवता येत नव्हती. एका सकाळी डेल्मर लिबीच्या स्वयंपाकघराच्या दारात हॅट हातात घेऊन उभा राहिला.

"लिबी, तुझी तीन वर्षं झाली. पाटी कोरी झाली असेल तुझी."

"झाली. शहरातल्या कंपनीत विमाही घेतलाय."

"मला थोडे दिवस फिरवशील? रोजाने देईन. दुसऱ्या कुणाला विचारायला... तू जुनी मैत्रीण."

लिबीने पीठ मळणं थांबवलं नाही. "तुझा इतिहास बघावा लागेल, डेल्मर. तू जोखमीचा माणूस आहेस."

तो हसला. थट्टाच वाटली त्याला. लिबी मात्र हसत नव्हती. नाही म्हणावं असं एकदा तिच्या मनात आलं. मग वाटलं, शेजारच्या सीटवर बसलेला डेल्मर वोंद्रा जवळून बघायला मिळणार असेल तर का सोडा?

दोन दिवस तो हॅट मांडीवर घेऊन शेतांचे पत्ते तेवढे सांगत होता. तिसऱ्या दिवशी फाटक ओलांडल्यावर एकाएकी बोलायला लागला.

"पावत्यांचं मला काही नाही गं. नशीब फिरतं कधी. पण एक विचारू? मी लोकांचं काय वाईट केलं?"

"का?"

"पूर्वी या रस्त्याने निघालो की काय थाट असायचा! जो तो दिवे उघडझाप करून नमस्कार करायचा. नॉर्बर्ट, व्होलेस्की, तू, एर्नी. मी प्रत्येकासाठी गाडी हळू करायचो, हॅट काढायचो. घरी जाऊन बायकोला सांगायचो, आज इतक्यांनी केला. आणि एका शरदात सगळं बंद झालं. एकाने नाही, सगळ्यांनी. रात्र रात्र झोप नाही मला."

लिबीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. डोळे ओले होते त्याचे. तीस वर्षं या माणसाला वाटत होतं की गाव त्याला मुजरा करतंय! म्हणून हॅट. म्हणून गाडी हळू. म्हणून तो रिकाम्या रस्त्यावर दिसेल त्याला डिपर मारत सुटायचा. बिचारा नमस्काराला नमस्कार परत करत होता. तिने त्याच्या हप्त्यावर नेम धरला होता आणि घाव बसला होता भलतीकडेच, फार आत.

क्षणभर तिला दया आली. खोटं कशाला सांगा, आली. तिच्या जिभेवर काहीतरी बरं वाक्य आलंही. मग तिला दिवाणखान्यातली एर्नीची रिकामी खुर्ची आठवली आणि आंबट कोबीचा वास आठवला. वाईट फांद्या.

"मी तुझं काय वाईट केलं होतं, डेल्मर?" तिने विचारलं.

"तू? तू कशाला काय करशील?" तो गोंधळून म्हणाला. त्याला खरंच आठवत नव्हतं.

एवढ्यात समोरून नॉर्बर्टचा पिकअप आला. त्याचे दिवे दोनदा लागले, विझले.

डेल्मरचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. त्याने हॅट डोक्यावर ठेवून लगेच उचलली, खिडकीकडे झुकून मान लववली. "बघितलंस? बघितलंस, लिबी? नॉर्बर्टने—"

"हॅट खाली ठेव," लिबी म्हणाली. "तो मला होता."

तिने गाडी पंचावन्नवर आणली. कोठारं आली. त्यांच्या मागे डेप्युटी गॅरी सँडविच खात बसला होता. लिबीने त्याला मान हलवली, त्याने सँडविच हलवलं.

डेल्मरने मागे वळून गॅरीकडे पाहिलं. मग वेगाच्या काट्याकडे. मग लिबीच्या हाताजवळच्या त्या दांडीकडे. त्याचे ओठ हलत होते. तीस वर्षांचे नमस्कार तो एकेक करून परत देत होता, आणि ते संपत नव्हते.

"सगळेच?" त्याने विचारलं.

"सगळेच. एर्नीचेही."

त्याने हॅट पालथी करून गुडघ्यांवर ठेवली. हा चेहरा पाहण्यासाठी लिबी तीन वर्षं बटाटे सोलत थांबली होती. तिने तो सावकाश, पोटभर पाहून घेतला आणि कोठारं मागे पडल्यावर ॲक्सिलरेटर दाबला.

"पुढचं शेत कुणाचं?" तिने विचारलं.