अर्ध्या डोक्याची परीक्षा

मी एक जुनी डमी आहे. म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल, म्हणून आधीच सांगते. मी नुसतं डोकं आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, मानेच्या खाली काही म्हणजे काही नाही. माझा चेहरा रबराचा आहे, नाक जरा नकटं आहे आणि डोळे रंगवलेले आहेत, त्यामुळे ते मिटता येत नाहीत. केस मात्र अस्सल माणसाचे आहेत. ते कोणाच्या डोक्यावरचे होते हे मला कारखान्यात कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सलूनमध्ये केस कापायला शिकणारी माणसं आधी माझ्यावर हात साफ करतात आणि मग खऱ्या गिऱ्हाइकाला हात लावतात.

मित्रांनो, तुमचे केस चुकून वाकडे कापले गेले तर महिन्याभरात वाढतात. माझे वाढत नाहीत. मी कारखान्यातून आले तेव्हा माझे केस कंबरेला पोचतील एवढे होते, फक्त कंबर नव्हती. ज्या ज्या माणसाला काही शिकायचं होतं त्याने माझे थोडे थोडे केस नेले. प्रत्येक चुकीची किंमत मीच मोजली आहे, आणि आभार मात्र आजवर कोणी मानलेले नाहीत. माझा स्वभाव थोडा तिरसट आहे तो यामुळे. तुम्ही तो सांभाळून घ्या.

माझी जागा सलूनच्या मागच्या खोलीत होती. तिथे एका टेबलाच्या कडेला लोखंडी पकड बसवलेली होती आणि तिच्यात माझी मान आवळलेली असे. समोरच केस धुण्याचं बेसिन होतं. पुढच्या खोलीत मोठे आरसे, तीन खुर्च्या आणि भिंतीवर कलाकारांचे फोटो होते. प्रत्येक फोटोखाली त्या माणसाची पार्श्वभूमी आणि त्याचं कौशल्य छापलेलं होतं. तो मजकूर मॅडम स्वतः लिहीत. मॅडम म्हणजे सलूनच्या मालकीण. त्या पूर्वी दारोदार फिरून शाम्पू विकत असत. त्यांच्या फोटोखाली 'केशशास्त्राच्या जाणकार' असं लिहिलं होतं. त्यांचं खरं कौशल्य निराळंच होतं. समोरच्याला जे ऐकायचं असेल तेच त्या बोलत, आणि ऐकणारा खूश होऊन जाई.

दुसरा फोटो उस्तादांचा होता. ते सैनिकांच्या छावणीत बावीस वर्षं केस कापत होते. एका सकाळी दीडशे डोकी उरकायची, बोलायचं नाही, थांबायचं नाही, असं ते काम. डोळे मिटून नुसती बोटं फिरवली की कुठला केस लांब राहिला आहे हे त्यांना कळे. माझ्यावरून त्यांचा हात फिरला की मी खूश व्हायचे. एवढा जाणता हात मी दुसरा पाहिला नव्हता, निदान तोवर तरी.

तिसरा फोटो वहिनींचा होता. त्या मॅडमच्या भावाची बायको, म्हणून सगळ्यांच्याच वहिनी. त्या शर्टांच्या कारखान्यात कॉलरी कापत असत. केसांकडे त्या कापडासारखंच बघत. मोजपट्टी लावायच्या, पिना खोचायच्या, जीभ दातात धरायच्या आणि सर्रकन कात्री चालवायच्या. रेघ सरळ येई, पण केस कुरळे निघाले की त्यांना घाम फुटे.

आणि बेसिनपाशी नर्सबाई होती. तिचा फोटो भिंतीवर नव्हता. ती नर्सही नव्हती. अकरा वर्षं ती एका मोठ्या इस्पितळात काम करत होती. डोक्याचं ऑपरेशन व्हायच्या आधी रोग्याचे केस काढायचे आणि महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्यांचे केस धुवायचे, कापायचे, हे तिचं काम. टाके चुकवून, नळ्या चुकवून ती कात्री चालवी आणि झोपलेला माणूस जागा होत नसे. इस्पितळाने ते काम बाहेरच्या लोकांना दिलं तेव्हा ती इथे आली. तिला इथे 'नर्सबाई' हे नाव चेष्टेने पडलं होतं. मॅडमनी तर पहिल्याच दिवशी बजावलं, "इथे दवाखान्याचं नाव काढायचं नाही. गिऱ्हाईक सुंदर व्हायला येतं, त्याला आजार आठवायला नको."

दोन वर्षं तिने नुसती डोकी धुतली. शाम्पू, रंग, केस सरळ करायची ती उग्र औषधं, सगळं तिच्या बोटांतून वाहून जाई. हळूहळू तिच्या हातांची सालं निघायला लागली. मग भेगा पडल्या. भेगांतून रक्त येऊ लागलं तेव्हा तिने डॉक्टरला हात दाखवले. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं की हात पाण्यात घालणं बंद करा, नाही तर बोटं आखडतील आणि पुन्हा सरळ होणार नाहीत. ती हे वहिनींना सांगत होती तेव्हा मी ऐकलं. वहिनी म्हणाल्या, "अगं, मग हातमोजे घाल." मोज्यांच्या हातांनी डोकं धुतलेलं गिऱ्हाइकांना आवडत नाही, म्हणून मॅडमनी ते आधीच काढायला लावले होते.

अशात मॅडमनी चौथी खुर्ची आणायचं ठरवलं. ती खुर्ची मिळाली तर नर्सबाईच्या हातात पाण्याच्या जागी कात्री येणार होती आणि तिची बोटं वाचणार होती. पण वहिनींनाही तीच खुर्ची हवी होती, कारण ती खिडकीजवळ येणार होती आणि रस्त्यावरून दिसणार होती. वहिनी तिथे गेल्या तर त्यांची जुनी मोडकी खुर्ची मॅडम काढूनच टाकणार होत्या. तेव्हा मॅडमनी परीक्षा जाहीर केली. परीक्षा अर्थात माझ्यावर. माझे केस आता खांद्यापर्यंतच उरले होते, म्हणजे एकच परीक्षा होईल एवढे. मॅडम म्हणाल्या, "मधोमध भांग पाडा. उजवी बाजू वहिनीची, डावी नर्सबाईची. हनुवटीच्या रेघेत सरळ कापायचं. जिची बाजू चोख, तिची खुर्ची." मला कोणी विचारलं नाही. मला कोण विचारतं.

परीक्षेच्या चार दिवस आधीची गोष्ट सांगते. उस्तादांना कणकण वाटत होती म्हणून दुपारी ते बेसिनच्या खुर्चीत मान मागे टाकून पडले होते. नर्सबाई म्हणाली, "उस्ताद, कानाशी केस वाढलेत तुमचे. कापू का?" ते हूं म्हणाले आणि त्यांचा डोळा लागला. उठले तेव्हा कानाभोवतीचं, कपाळावरचं, भुवयांचं सगळं काम झालेलं होतं. त्यांनी डोळे मिटून स्वतःच्या डोक्यावरून बोटं फिरवली. एकदा फिरवली, पुन्हा फिरवली. एकही केस इकडचा तिकडे नव्हता, आणि त्यांना कात्रीचा स्पर्शसुद्धा जाणवला नव्हता. उस्तादांच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पाहिलं. गिऱ्हाइकं लांबून लांबून त्यांच्याकडे येत. हा हात उद्या खुर्चीमागे उभा राहिला तर आपल्याला कोण विचारणार, हे त्यांना त्या क्षणी कळलं असणार.

मित्रांनो, गोड बोलून केसाने गळा कापतात म्हणजे काय, ते मी त्याच संध्याकाळी पाहिलं. नर्सबाई माझ्यामागे उभी राहून नुसता कंगवा फिरवत होती आणि तिचे हात अवघडत होते. उभ्या डोक्याची तिला सवयच नव्हती. उस्ताद जवळ आले आणि मायेने म्हणाले, "काय झालं गं?"

"उभं डोकं हाताला लागत नाही, उस्ताद. माझी माणसं सगळी आडवी असायची."

"मग आडवंच घे की."

"चालेल?"

"न चालायला काय झालं? हाताला जे वळण आहे त्याच वळणाने काम करावं. पकडीतून काढ, मांडीवर घे आणि काप. मी मॅडमना सांगतो."

तिचे डोळे भरून आले. दोन वर्षांत त्या सलूनमध्ये तिच्याशी इतकं प्रेमाने कोणी बोललं नव्हतं. ती वाकून त्यांच्या पाया पडायला गेली आणि त्यांनी तिला अर्ध्यातच थांबवलं.

परीक्षेच्या दिवशी वहिनींनी पट्टी लावून, पिना खोचून, घाम पुसत माझी उजवी बाजू कापली. ती सरळ झाली. कॉलरीइतकी सरळ, आणि कॉलरीइतकीच कडक. मग नर्सबाईने पकडीचा स्क्रू सैल केला, मला उचललं, ती स्टुलावर बसली आणि टॉवेल अंथरून तिने मला मांडीवर निजवलं. वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. मी जन्मल्यापासून कधी आडवी झाले नव्हते. एका हाताने तिने मला मागून आधार दिला आणि दुसऱ्या हाताने केस मागे ओढून टॉवेलवर पसरले. तिच्या तळहाताच्या भेगा माझ्या रबराला लागत होत्या. सवयीने ती पुटपुटली, "दुखलं तर सांगा हं."

दुखत नव्हतं. पण मला दुसरं काहीतरी सांगण्यासारखं होतं. अशा आडव्या डोक्याचे केस मागे ओढून एका रेघेत कापले, तर कपाळाकडचे केस लांबून येतात आणि मानेवरचे जवळून. डोकं उभं केलं की मानेवरचे आखूड दिसतात, पुढचे लांब लोंबतात. अंथरुणावरून न उठणाऱ्या माणसाला त्याने काही फरक पडत नाही. मला हे माहीत होतं, कारण माझ्यावर सगळ्या जातीच्या चुका होऊन गेल्या आहेत. माझं तोंड रबराचं आहे, ते उघडत नाही. पण खोटं कशाला बोलू? उघडत असतं तरी मी ब्र काढला नसता. त्या मांडीवरून मला उठायचंच नव्हतं.

तिने मला पुन्हा पकडीत बसवलं. उजवी बाजू सरळ होती. डावी बाजू मानेपासून हनुवटीकडे उतरत गेलेली होती, पुढे चांगली चार बोटं लांब. नर्सबाईने एकदा कंगवा फिरवला. पुन्हा फिरवला. मग तिचा हात तसाच राहिला.

मॅडमनी उस्तादांकडे पाहिलं. उस्तादांनी डोळे मिटून माझ्या डाव्या बाजूवरून बोटं फिरवली आणि ती जरा जास्तच वेळ तिथे ठेवली. मग हळहळत म्हणाले, "हात वाईट नाही हो. पण काय आहे, आपलं गिऱ्हाईक चालत येतं." सगळे हसले. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. नर्सबाईने खाली वाकून माझे पडलेले केस झाडूने गोळा केले आणि ती बेसिनपाशी जाऊन उभी राहिली, कारण तिथे एकजण मान मागे टाकून केव्हाची खोळंबली होती.

यानंतर माझे चांगले दिवस आले. हे सांगताना मला लाज वाटते, पण आले. मला फेकायला काढलं होतं, तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने मला डाव्या बाजूने पाहिलं आणि विचारलं, "हा नवीन कट का? मला असाच हवा." मॅडमनी डोळ्याची पापणी न लवू देता सांगितलं, "हो, आमच्याकडेच मिळतो हा." त्या दिवसापासून मला खिडकीत, काचेमागे जागा मिळाली. डावी बाजू रस्त्याकडे, उजवी भिंतीकडे. तो 'तिरपा कट' आहे असं खाली लिहिलं गेलं. उस्ताद माझ्यासमोर बसून कंगव्याने एकेक बट मोजत आणि तो कट शिकत. लोक रांगा लावू लागले. वहिनी खिडकीजवळच्या खुर्चीत दिवसभर तोच कट कापत. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून मला बघत. एवढं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं आणि मी ते मिटक्या मारत घेतलं.

रांगेतल्या प्रत्येकीचं डोकं आधी नर्सबाई धूत होती.

मग भिंतीवर उस्तादांच्या फोटोखाली नवा मजकूर लागला. 'तिरप्या कटाचे जनक.' नर्सबाई ओले हात पुसत पुढच्या खोलीत आली आणि तिने तो वाचला. दुपार होती, मॅडम आणि वहिनी जेवायला गेल्या होत्या. उस्ताद माझ्याशेजारी खिडकीत उभे राहून कात्रीला तेल देत होते.

ती म्हणाली, "उस्ताद, आडवं कापलं की उभं तिरपं दिसतं, हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"होतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

उस्तादांनी कात्री दोनदा उघडमिट करून पाहिली. ते चिडले नाहीत, ओशाळलेही नाहीत. अगदी खऱ्या मनाने ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तू शिकली असतीस."

मला वाटलं होतं की ती रडेल, निदान मला तरी उचलून आपटेल. मी आपटून घ्यायला तयार होते. पण बेसिनकडून कोणीतरी हाक मारली आणि ती गेली.

पुढचं थोडंच आहे. तिरप्या कटाची हौस फिटल्यावर मला पुन्हा मागच्या खोलीत टाकलं, बेसिनच्या वरच्या फळीवर. तिथून मला तिचे हात रोज दिसत. आधी उजव्या हाताची करंगळी आखडून सरळ होईनाशी झाली, मग तिच्याशेजारचं बोट. ती उरलेल्या बोटांनी डोकी धूत राहिली. एके दिवशी तिच्या हातून गरम पाण्याचा फवारा सुटला आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर गेला. मॅडमनी तिला त्याच संध्याकाळी काढलं. जाताना तिला चपलेचा पट्टा लावता येईना, तो तिने तसाच सोडला. आता बेसिनपाशी नवी बाई आली आहे. तिचे हात अजून चांगले आहेत.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी हात जोडून म्हणायचं असतं की मला टाकू नका, माझी काळजी घ्या. मला जोडायला हात नाहीत आणि तसं म्हणायला तोंडही उरलेलं नाही. मला टाकलंत तरी चालेल. पण उद्या तुम्ही सलूनमध्ये मान मागे टाकाल, कोमट पाणी डोक्यावर येईल, कोणाची तरी बोटं तुमच्या केसांतून फिरतील आणि तुम्हाला फार छान वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून मी गप्प राहिले. माझे डोळे मिटतच नाहीत, तुमचे तेव्हा मिटलेले असतील. तेवढ्यात एकदा ते उघडा आणि त्या हातांकडे बघा.