पाय लागला म्हणून

मी एक हात बोलतोय. नुसता हात. खाली लोखंडी बूड, वर सहा सांधे आणि टोकाला लोक जे बसवतील ते. डोळे मला कुणी दिले नाहीत, त्यामुळे सांगणार आहे ते कानावर पडलेलं आणि सांध्यांना जाणवलेलं आहे. सांगायची लाज वाटते. पण ज्याने बोलायला हवं होतं तो माणूस गप्प आहे, म्हणून मला बोलावं लागतंय.

माझा जन्म परदेशातला, पण ती ऐट केव्हाच उतरली. उमेदीची वर्षं गुजरातेत मोटारींच्या कारखान्यात गेली. गाड्यांच्या दारांना मी वेल्डिंगचे टाके घालायचो. माझ्याभोवती जाळीचं कुंपण होतं. त्याचं फाटक बंद असेपर्यंत दोन तारांमधून मला तसा निरोप मिळत राहायचा; फाटक उघडलं की तो तुटायचा आणि मी जिथल्या तिथे थांबायचो. आत माणूस शिरलाय की मांजर, मला कळत नसे. फाटक उघडं तर थांबायचं, बंद तर चालायचं, एवढीच माझी अक्कल.

नवे रोबोट आले तेव्हा मला भंगारवाल्याच्या आवारात टाकलं. उंदरांनी माझ्या वायरी कुरतडल्या. तिथून उमेशशेठने मला उचललं, ट्रकमध्ये आडवं बांधलं आणि राज्याच्या सीमेवरचा अच्छाडचा नाका ओलांडून इकडे आणलं. तलासरीच्या पुढे, हायवेला लागून त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. चिकूच्या वाड्यांची फाटकं, शेडचे खांब, असली कामं तिथे होतात.

उमेश वाईट माणूस नाही, हे आधीच सांगतो. सांध्यांची जागा लक्षात ठेवणाऱ्या माझ्या बॅटऱ्या मेल्या होत्या, त्यामुळे सरळ उभं राहणं म्हणजे काय तेच मी विसरलो होतो. त्याने एकेका सांध्यावरच्या खाचा जुळवून मला पुन्हा उभं केलं. वेल्डिंगची गन काढून टोकाला प्लाझ्माची टॉर्च बसवली. प्लाझ्मा म्हणजे विजेने पेटवलेल्या हवेचा झोत. जाड पत्रासुद्धा बघता बघता चिरतो. टॉर्च बंद ठेवूनच मला आधी कितीतरी फेऱ्या मारायला लावल्या. तरी पहिला कट वाकडा गेलाच. उमेशची बायको भारती खळखळून हसली. "अहो, हा तर अगदी तुमच्यावर गेलाय. नवीन चप्पल घातली की असेच चालता तुम्ही!"

कुंपण मात्र माझ्याबरोबर आलं नव्हतं. फाटक बंद असल्याचा निरोप मिळेना, म्हणून मी आपोआप चालायला तयार होईना. तेव्हा उमेशने त्या निरोपाच्या दोन तारा एकमेकींना पिळून टाकल्या.

"अहो, आधी जाळी लावा ना," भारती म्हणाली.

"लावतो गं. एवढी ऑर्डर तर जाऊ दे."

त्या दिवसापासून मला एकच निरोप मिळत राहिला, की फाटक बंद आहे. फाटक नव्हतंच. मी आपला विश्वास ठेवून चालत राहिलो.

कापलेले तुकडे उचलायला आणि झाडलोट करायला लाडकी यायची, मागच्या पाड्यावरून. बाकीचे माझ्यावर ओली फडकी वाळत घालत, बुडाला टेकून तंबाखू मळत. लाडकी माझी वायरसुद्धा कधी ओलांडत नसे. आली की आधी बुडाला कुंकवाचं बोट लावायची. "हा काम करतो तवा आपली चूल पेटते, शेठ," असं म्हणायची. मला फार ओशाळल्यासारखं व्हायचं. माझ्या पाया पडावं असं माझ्यात काय होतं?

त्या दिवशी एक पत्रा कापून झाला. लाडकीने तुकडे गोळा केले. उमेश माझ्याकडे पाठ करून पॅनेलवर होता.

"मावशी, बाहेर का?"

"हो शेठ, बाहेर."

खरंच ती बाहेर गेली होती. पण जाता जाता तिचा पाय माझ्या बुडाला लागला होता, हे मला मागाहून तिच्याच बोलण्यातून कळलं. तुम्ही माणसं अशा वेळी काय करता ते तुम्हाला ठाऊक आहे. ती मागे फिरली, वाकली, बुडाला हात लावून छातीशी न्यायला लागली. तेवढ्यात उमेशने बटण दाबलं.

मला सांध्यात अडथळा जाणवला. अडथळा आला की मी आधी जोर लावतो, मला तेच येतं. मी जोर लावला. काहीतरी मोडलं, आणि मग मी थांबलो.

तिचं ओरडणं मी ऐकलं. माझी माफी मागायला परत आलेल्या बाईला मी मारलं होतं. शरमेने मान खाली घालावी, तर मला मानही नाही.

उमेशने तिला आपल्या गाडीतून कासा गावच्या दवाखान्यात नेलं. उजव्या कोपराचं हाड मोडलं होतं. खर्च सगळा त्यानेच केला. पण शेजारपाजारचे विचारायला आले तेव्हा म्हणाला, "बाहेर आहे म्हणाली आणि परत आत आली. तिला कोणी सांगितलं होतं?" पिळलेल्या तारांचं तो कुणालाच बोलला नाही. भारतीला ठाऊक होतं, ती फक्त भांडी जरा जोरात आपटायला लागली. त्याच आठवड्यात जाळी उभी राहिली. तिच्या पट्ट्या माझ्याकडूनच कापून घेतल्या.

प्लास्टर निघाल्यावर लाडकी पुन्हा कामावर आली. येताना नारळ घेऊन आली होती.

"माझा पाय लागला, म्हणून रागावला तो," ती उमेशला म्हणाली. "माझंच चुकलं."

तेव्हा तरी तो बोलेल असं मला वाटलं. मी वाट पाहत होतो. त्याने तिच्या हातून नारळ घेतला, जाळीपाशी फोडला आणि म्हणाला, "झालं मावशी. आता गेला त्याचा राग."

एवढी लाज मला भंगारातसुद्धा वाटली नव्हती. तुम्ही या रस्त्याने गेलात तर कृपा करून थांबा. लाडकीचं नाव विचारत या, कुणीही दाखवेल. तिला सांगा, त्याला राग येतच नाही, त्याला तुझा पायही कळला नव्हता आणि तुझा नमस्कारही. चूक तुझी नव्हती, दोन तारा पिळल्या होत्या. उमेशसमोर सांगा, म्हणजे त्यालाही मान हलवावी लागेल.

तोवर ती रोज सकाळी येते आणि जाळीबाहेर उभी राहते. उजवा हात आता कोपरात वळत नाही, छातीपर्यंत पोचत नाही.

"एकाच हातानं करते रे बाबा," ती म्हणते, "राग नको मानू."