कोरडी बाटली

शंभर तास भट्टीत राहूनही तबकडीचं वजन होतं तेवढंच भरलं. लॅबच्या प्रमुख नीरजा मॅडमनी टाळी वाजवली. मला मात्र एका जागी बसवेना. तिसऱ्यांदा हात धुऊन आले.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या लॅबची भट्टी मी बघते, अकरा वर्षं. शाळा दहावीपर्यंत, पुढचं भट्टीने शिकवलं. ही तबकडी सिरॅमिकच्या धाग्यांची, इंजिनात जळत्या वायूला लागून बसणारी. कोरड्या धगीत तिच्यावर काचेचा पापुद्रा चढतो, वजन जरासं वाढतं. पण इंधन जळलं की वाफ होते आणि तो पापुद्रा वाफेबरोबर उडून जातो. मग खालचं झिजत राहतं. म्हणून आम्ही भट्टीत सतत वाफ सोडतो. तिच्या पाण्याची बाटली भरणं माझं काम.

नवरात्रातल्या अष्टमीला, चाचणी संपायला एकच दिवस उरला असताना, दुपारी टेंभी नाक्यावर देवीच्या रांगेत लागले. रांग हलेना, बाटली भरायला न परतता तिथूनच परस्पर घरी गेले. सकाळी बघते तर बाटली कोरडी. भरली, आणि रजिस्टरात लिहिलं, 'पाणी ठीक'.

"झकास!" इंजिन बनवणाऱ्या कंपनीचे सुधीर सर म्हणाले. "उद्याच बर्नरमध्ये बसवतो. मी स्वतः बाजूला उभा राहणार."

उद्या! बाजूला! आणि तबकडी फुटली तर?

"मॅडम, कापून बघा ना ती."

"अहो मालूताई, वजन बरोबर आलंय. कापायचं कशाला?"

"वजन फसवतंय. रात्रभर वाफ नव्हती. झिजलं तेवढं काचेने भरून दिलं असणार."

"वाफ का नव्हती?"

सांगितलं. सगळं.

सुधीर सर म्हणाले, "देवीला माझ्यासाठी काही मागितलंत की नाही?"

"देवीपर्यंत नंबरच लागला नाही, सर."

मॅडमनी तबकडी कापली, मायक्रोस्कोपखाली धरली. मग मला बोलावलं. वर गुळगुळीत काच, खाली कडेचे धागे कुरतडल्यासारखे.

मी भट्टीची चावी टेबलावर ठेवली.

"आणि पुन्हा शंभर तास कोण चालवणार? मी?" मॅडमनी चावी माझ्याकडे सरकवली. "आधी ते रजिस्टर दुरुस्त करा."

'पाणी ठीक' खोडून खरं लिहिलं, सही केली. बाटली काठोकाठ भरली.

मॅडम मागून आल्या आणि वाकून स्वतः बाटली बघून गेल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा.