चिठ्ठी लावलेले गाऊन

फॅशन मर्चंडायझिंग म्हणजे काय, हे मी माझ्या बाला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "म्हंजे दुकानात कपडं मांडाया शिकवतात. त्याला सहा महिनं?" मला राग आला. बा खोडाळ्याच्या बाजारात शिलाई मशीनवर बसतो. त्याला यातलं काय कळणार, असं मी ठरवून टाकलं.

जव्हारच्या सर्टिफिकेट कोर्सची शेवटची परीक्षा खऱ्या दुकानात होती. मोखाड्याच्या चंद्रकांतशेठनी बाजाराच्या दिवसापुरता कापडदुकानाचा पुढचा भाग मला दिला. "वीस गाऊन आज खपव, पुढच्या महिन्यापासून कामाला ये. नाही खपले तर राहू दे," ते म्हणाले. मला ते काम हवंच होतं. गाव सोडून ठाण्याला जायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

वर्गात शिकवलं होतं तसं मी केलं. फिक्या रंगापासून गडद रंगापर्यंत वीस गाऊन हँगरला टांगले, प्रत्येकाला साइज आणि किमतीची चिठ्ठी टाचली. तीन वाजता उज्ज्वला मॅडम मार्क द्यायला येणार होत्या.

बाजार भरला. बायका उंबऱ्याशी थांबायच्या, बघायच्या आणि पुढे जायच्या. हात कोणी लावेना. हसून हसून माझे गाल दुखले. एक वाजला तरी एकही गाऊन हलला नव्हता. शेठ नुसते चहा पीत माझ्याकडे बघत होते. मला रडू यायला लागलं.

तेवढ्यात आमच्या खोडाळ्याची सुकीआजी आली. तिची पोलकी बाच शिवतो.

"रोहिणी, ह्यो निळा कोनाचा गो?"

"कोणाचा म्हणजे? विकायचा आहे, आजी."

"मंग चिठ्ठी कशाला? तुझा बा लावतो ना, ज्याचा त्याला द्याया. दुसऱ्याच्या कपड्याला कोन हात लावल?"

मी कपाळावर हात मारला. शिवून झालेले कपडे बा असेच टांगतो, नावाची चिठ्ठी लावून. त्या दोरीखाली बसून मी लहानाची मोठी झाले, आणि पहिल्या बाकावर बसूनही मला हे सुचलं नाही.

चिठ्ठ्या काढल्या, सतरंजी अंथरली, सगळ्या गाऊनचा ढीग केला. आजी फतकल मारून बसली आणि तळातून निळा ओढून काढला. तिला बघून चार बसल्या, मग दहा.

अकरा खपले तेव्हा मॅडम जीपमधून उतरताना दिसल्या. "टांग लवकर, मार्क जातील," शेठ म्हणाले. मी हँगर हातात घेतला. ढिगाभोवती बायकांना हलायला जागा नव्हती. मी हँगर खाली ठेवला.

मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि तरीही लिहिलं, मांडणी, वीसपैकी तीन. बाकीच्या मार्कांवर मी काठावर पास झाले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सहा वाजता सतरंजी रिकामी होती. शेठनी ती स्वतः झटकली आणि म्हणाले, "एक तारखेला ये. वेळेवर."

आजीचा निळा गाऊन मी घरी आणला होता, तिला तो वीतभर लांब होत होता. बाने तो आखूड केला, त्यावर तिच्या नावाची चिठ्ठी टाचली आणि दोरीवर टांगला.

"बा, हे तू मला घरीच शिकवलं असतंस," मी म्हणाले.

त्याने सुईत दोरा ओवला. "तू कधी इचारलं?"