दोन अक्षरांचं नाव

"घराला नाव द्याल तवा माझं द्या. पन उमा, माझं सवताचं. तांदळातलं नको."

सासूबाई हे बोलल्या तेव्हा मी त्यांच्या डोक्याला तेल लावत होते. शिरगावच्या आमच्या रो-हाऊसचा पाया नुकताच भरला होता, आणि इकडे अंबरनाथच्या चाळीत त्यांनी अंथरूण धरलं होतं. मला आधी काही कळलंच नाही. रेशनकार्डावर, पेन्शनच्या पासबुकावर, सगळीकडे त्यांचं एकच नाव. सरस्वती धोंडिबा.

"म्हायेरी मी गोदू व्हते," त्या हळूच म्हणाल्या. "लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं सरस्वती लिवलं. भटजी म्हनला, आजपासून ही तू. मला कुठं वाचाया येत व्हतं? मी आपलं व्हय म्हनलं."

"मग गोदू कोण म्हणायचं तुम्हाला?"

"भाऊ म्हनायचा. त्यो गेला. आता त्या नावानं हाक मारनारं कुनी न्हाय."

"यांना सांगते मी."

"आत्ता नको गं. कैलासचा बापावर लई जीव. बापानं ठेवलेलं नाव आईला रुचलं न्हाय, ह्ये त्याला लागंल. माझ्या माघारी सांग. माघारी मानसं ऐकत्यात."

मी कबूल झाले. हातावर हात ठेवून कबूल झाले.

त्यांनी सव्वीस वर्षं काडेपेटीच्या कारखान्यात पेट्यांवर लेबलं चिकटवली. हजेरीला मुकादम 'सरस्वती' पुकारायचा आणि त्यांना ओ द्यायला नेहमी जरा उशीर व्हायचा. बरोबरच्या बायका त्यांना बहिरी म्हणायच्या. त्यांचे कान शेवटपर्यंत चांगले तिखट होते.

माघात त्या गेल्या. घर उभं राहीपर्यंत मी यांना काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. चूक माझीच.

वास्तुशांत रविवारवर आली. शुक्रवारी सकाळी मी माळ घेऊन बसले होते. माझी सकाळची माळ मौनात असते. पुरी होईपर्यंत मी बोलत नाही. घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे. काही विचारायचं झालं तर मान हलवून उत्तर मिळेल असंच विचारतात.

हे हातात फोन घेऊन आले. "पाटी आज दिली तरच रविवारी मिळेल. आईचंच नाव द्यावं म्हणतो. चालेल ना?"

माझे डोळे भरून आले. मी न सांगता देवानंच यांच्या मनात घातलं, असं वाटलं. मी मान हलवली.

"बघा पप्पा, मंजूर!" आमची जिज्ञासा कॉलेजची बॅग भरत म्हणाली. "नंदीबैलानं होकार दिला."

यांनी तिथंच उभं राहून उल्हासनगर कॅम्प चारच्या टेकचंदभाईंना फोन लावला. ते दगडावर नावं कोरतात. "लिहा, टेकचंदभाई. सरस्वती निवास."

माझी बोटं थांबली. अजून एकतीस मणी होते. मौन मोडावं की मोडू नये, या घोळातच मणी पुढं सरकत राहिले. ओठांवर देवाचं नाव होतं आणि मनात गोदू. असला जप देवाला पोचला असेल का, कोण जाणे.

माळ डोळ्यांना लावली आणि म्हटलं, "ते नाव नको."

"अगं, आत्ता तर मान हलवलीस!"

"तुम्ही आईंचं नाव म्हणालात. मला वाटलं, खरंच त्यांचं."

मग सगळं सांगितलं. तेल लावतानाचं, तांदळाचं, भावाचं. हे आधी हसले. "गोदू? निवास नाही, सदन नाही, नुसतं गोदू? लोक विचारतील, मांजर पाळलंय का म्हणून."

"आई, गोदावरी कर ना," जिज्ञासा म्हणाली. "सिरियसली, क्लासी वाटतं."

"तेही त्यांचं नाव नव्हे, बाळा. एकदा बदललं तेवढं पुरे झालं."

यांचं हसू गेलं. "बाबांनी हौसेनं ठेवलं होतं ते नाव. आज असते तर त्यांना काय वाटलं असतं?"

"बाबांचं नाव त्यांनी पन्नास वर्षं वागवलं हो. एकदाही नाही म्हटलं नाही."

"मला का नाही बोलली?"

"तुम्हाला लागेल म्हणून."

हे खुर्चीवर बसले. "शाळेच्या फॉर्मवर आईचं नाव विचारायचे, तेव्हा मी एवढ्या झोकात लिहायचो," म्हणाले. जिज्ञासा बॅगेची चेन धरून तशीच उभी राहिली.

फोन वाजला. टेकचंदभाईंचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "कैलासभाई, पत्थर मशीनवर चढवलाय. चालू करू?"

यांनी माझ्याकडं पाहिलं. मला जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं.

"थांबा," हे म्हणाले. "नाव बदलतंय."

"बोलो, नवीन काय?"

मघाशी हसत घेतलेलं ते नाव आता यांच्या तोंडून निघेना. आईला नावानं हाक कशी मारायची? "मिसेस येतायत," शेवटी म्हणाले. "लिहून आणतील."

"जल्दी भेजो साईं, ग्यारा बजे लाईट जाएगी."

यांनी कॅलेंडरचं मागचं पान फाडलं, पेन घेतलं आणि 'गो' लिहून थांबले.

"दू पहिला की दुसरा?"

मला सांगता येईना. ते नाव आजवर कुणी लिहिलेलंच नव्हतं.

जरा विचार करून यांनी उकार दीर्घ काढला, शाळेतल्या मुलासारखा, खूप सावकाश. कागद माझ्या हातात दिला आणि तोंड धुवायला मोरीत गेले. नळ बराच वेळ चालू राहिला.

मी चिठ्ठीची घडी घातली नाही, शाई ओली होती. ती तशीच तळहातावर धरून जिना उतरले आणि कॅम्प चारच्या शेअर रिक्षांकडे चालू लागले.