रोहितची भरती

"नागपूरवाला रोहित किधर भरती है?" धक्क्यावरच्या तिसऱ्या माणसाला मी विचारलं, तर त्यानेही नदीकडेच बोट दाखवलं. मला काही समजेना. नदीत कोणी दवाखाना बांधतं का? माझ्या एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात चादर-उशीची पिशवी, आणि मागे आमचे मालक रुपराव, 'तुझंच ऐकून आलो' असं तोंड करून उभे.

नागपुरात रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात मी आया आहे. भरती म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर खाट येते, सलाईन येतं, नातेवाइकांचे उतरलेले चेहरे येतात. अशात पोराचा मेसेज आला: 'आई, मोठी भरती आहे. दोन दिवस फोन लागणार नाही.' आणि फोन खरंच लागेना. माझ्या पायांखालची जमीनच सरकली. नंदनवन वस्तीतल्या घराला कुलूप घातलं, मिळेल ती गाडी धरली आणि ओडिशातलं हे भितरकनिका गाठलं.

इथल्या जंगलात लोक बोटीने फिरतात आणि त्या बोटींची इंजिनं रोहित दुरुस्त करतो. कंपनीने थोडे दिवस पाठवलं होतं, हा पठ्ठ्या इथेच चिकटला. रुपरावांनी नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात त्याच्यासाठी शब्द टाकला होता. सोमवारी हजर व्हायचं होतं. बरा असो की आजारी, पोराला या वेळी घेऊनच जायचं, असं मी गाडीत ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात एक बोट लागली आणि तिच्यातून रोहित उतरला. चांगला धडधाकट, कोपरापर्यंत ग्रीस.

"काहून आली वं आई?"

"तू भरती होता ना?"

तो आधी गोंधळला, मग पोट धरून हसला. भरती समुद्राची होती. पाणी फार चढलं म्हणून बोटी आतल्या खाडीत न्याव्या लागल्या, आणि तिथे रेंज नाही. आता याला काय म्हणावं? मी त्याच्या पाठीत एक ठेवून दिली आणि मग रडले.

आलाच आहात तर जंगल पाहा म्हणाला आणि आम्हाला बोटीत बसवलं. आमच्याकडचं जंगल म्हणजे साग, धूळ आणि जिप्सीत बसून वाघाची वाट पाहणं. इथे जमीन कुठे संपते तेच कळत नव्हतं. झाडांची मुळं खाली जायची सोडून चिखलातून वर आलेली. मासे चक्क चिखलावर सरपटत होते. काठावर एक मगर तोंड उघडून पडली होती. ती मेली आहे असं रुपरावांनी जाहीर केलं आणि ती सरळ पाण्यात उतरली. रोहित एकेक दाखवत होता, बोलत होता. घरी हा पोरगा विचारल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. हा माझाच का, असं मला वाटायला लागलं.

हिंगण्याचा विषय मी दोनदा काढला. दोन्ही वेळा त्याने मला निळा पक्षी दाखवला.

"सोमवारी ये ना बापू," मी शेवटी म्हटलं. "जागा चांगली आहे."

"पाहू."

डॉक्टर 'पाहू' म्हणतात त्याचा अर्थ मला कळतो. पोराचा कळेना.

समोरून एक बोटवाला आला. रोहित त्याच्याशी त्यांच्या भाषेत बोलला, दोघे हसले. मला त्यातले दोनच शब्द समजले, चा आणि घर.

"काय म्हटलं गा त्याले?"

"काही नाही वं. घरी चहा ठेवाले सांगितलं, तुमच्यासाठी." असं म्हणून त्याने पलीकडच्या काठावरच्या पत्र्याच्या खोलीकडे हात केला.

रुपरावांनी माझ्याकडे पाहिलं. सोमवारचं पुन्हा काढू का, असं त्यांना विचारायचं होतं. मी मानेनेच नाही म्हटलं.

बोट काठाला लागली. रोहितने खाली उतरून हात पुढे केला. मी लुगडं जरा वर खोचलं, त्याचा हात धरला आणि चिखलात पाय ठेवला.

"चाल," मी म्हटलं, "तुह्या घरी जाऊ."