कंबरमोडीचा पाला

काचवाल्याच्या अंगणात कंबरमोडी माजली होती. लांब दांडीवरचं ते पिवळट फूल फरशीच्या फटीतूनसुद्धा मान वर काढायचं, आणि उपटायला गेलं की आत्या धावून यायची. त्याला आईविना पोराला जिनं वाढवलं, तिच्याशी तो भांडणार तरी कसं? तिच्या लेखी कंबरमोडी म्हणजे अर्धा दवाखाना. कापलं, लाव पाला. खरचटलं, लाव पाला. केस गळतात, तेलात उकळ पाला. काचेच्या धंद्यात कापण्याला तोटा नाही, त्यामुळे आत्याची वैद्यकी जोरात होती.

एक दिवस मात्र ती उठायच्या आत काचवाल्याने पाठीला पंप लावला आणि अख्ख्या अंगणावर तणनाशक मारलं. पाला सुकायला लागला की ऊन बाधलं म्हणू, सुंठीवाचून खोकला जाईल, असा हिशेब करून गडी दुकानात जाऊन बसला. भित्र्या माणसाला युक्त्या फार सुचतात.

दुपारी लेकीचा फोन आला.

"बाबा, मी पायरीवरून पडले! गुडघा फुटला! आत्याआजीनं पाला लावला. मी रडले नाही. थोडीच रडले."

"पाला कुठला? कुठनं आणला?"

"अंगणातला," म्हणून तिनं फोन ठेवलासुद्धा.

हातातली काच भलतीकडेच तडकली आणि बोटात घुसली. त्याने बोटाला फडकं गुंडाळलं, परत फोन लावला. कोणी उचलेना. बायको कामावर. शटर अर्धंच ओढून तो स्कूटरवर बसला, आणि तीही मेली नेमकी तेव्हाच अडून बसली, दहा किका खाल्ल्यावर सुरू झाली. प्रत्येक चौकात त्याला लाल दिवा लागला. पुढच्या म्हाताऱ्या सायकलवाल्याला त्याने उगाचच खच्चून शिवी दिली.

घरी पोचताच लेकीला उचलून त्याने नळाखाली धरलं. हिरवा लगदा काढला, साबण लावला, परत लावला. पोरीनं गल्ली डोक्यावर घेतली.

"खूळ लागलं का रे तुला?" आत्या आतून धावत आली. "थांबलेलं रक्त परत काढतोस?"

जखम लहानच होती. त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याने आत्याकडे पाहिलं.

"पाला धुतला होतास?"

"घाईत कोण धुतो?"

"आणि वाटलास कशावर?"

"वाटत बसू? पोर किंचाळत होती. चावला नि लावला. तुझ्या वेळी काय पाट्यावर वाटायचे का मी?"

तिच्या ओठांच्या कडा हिरव्या होत्या.

त्याच्या पायाखालची जमीन सरकली. तिच्या तोंडातला तो कोमट लगदा लहानपणी कितीदा त्याच्या गुडघ्यावर बसला होता. तरी रस्ताभर तो लेकीसाठी तडफडला. चावणारीची आठवण एकदाही झाली नव्हती. त्याची त्याला भयंकर लाज वाटली.

"आत्या, आधी चूळ भर. सकाळी मी औषध मारलंय. तणाचं."

तिनं चूळ भरली. परत भरली. मग तांब्या खाली ठेवून विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तू भांडली असतीस."

"भांडले असतेच. त्यासाठीच तर सांगायचं असतं."

औषधाची बाटली पिशवीत टाकून त्याने दोघींना स्कूटरवर बसवलं. "मळमळतंय का?" हे त्याने वाटेत इतक्यांदा विचारलं, की शेवटी ती म्हणाली, "तुझ्या विचारण्यानं मळमळतंय." दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरचं वाचलं, आत्याचं तोंड तपासलं, पोटात फारसं गेलेलं दिसत नाही म्हणाल्या, पण संध्याकाळपर्यंत इथंच बसा, मी बघत राहीन.

बाकावर तो बसे, उठे, दारापर्यंत जाऊन परत येई. आत्यानं हाताला धरून त्याला खाली बसवलं, तेव्हा तिला ते फडकं दिसलं. लाल झालेलं.

"हे कधी रे?" तिनं फडकं सोडलं. वाहत्या बोटाकडे बघत ती सवयीनं अर्धी उठली. "थांब, पाला..."

मग ती परत खाली बसली.

"दाबून धर," ती म्हणाली, आणि स्वतःच दोन्ही हातांनी त्याचं बोट दाबून धरलं.